काटा हलला नाही त्या आठवड्यात

वजन कमी करायला काय करावं लागतं, हे ठाऊक नसलेला माणूस आज शोधूनही सापडायचा नाही. गोड कमी, तळलेलं कमी, रात्रीचं जेवण लवकर, रोजचं चालणं. शाळकरी पोरसुद्धा एवढं सांगेल. तरी २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के बायका आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. सगळ्यांना सगळं ठाऊक असून हे असं होतं, याचा अर्थ घोडं माहितीपाशी अडलेलं नाही. ते अडतं रोजच्या रोज, वर्षानुवर्षं, घरात कुणाची साथ नसताना तेच करत राहण्यापाशी. वजन उतरवण्यासाठी चार माणसं गोळा होतात ती यासाठी.

या गटांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. ज्यांना गुण आला ते गटाचं नाव देवासारखं घेतात आणि ज्यांना आला नाही ते ‘पैसे उकळायचे धंदे’ म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. गट हवेत असं मला मनापासून वाटतं, पण गट कोणता हे पारखून घ्यायला हवं. पारखायची माझी रीत एकच आहे: ज्या आठवड्यात एखादीचा काटा हलला नाही, किंवा उलट वर गेला, त्या आठवड्यात तिथं तिला कसं वागवतात ते बघायचं.

या कल्पनेचा उगम पाहिला की मी असं का म्हणते ते कळेल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची एक गृहिणी राहायची. १९६१ साली तिचं वजन ९७ किलोच्या घरात होतं. दुकानात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईनं तिला ‘कितवा महिना?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला आणि तो जिव्हारी लागून ती न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यानं चालवलेल्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली. तिथला आहार चांगला होता आणि वजन उतरूही लागलं. पण रात्री न्हाणीघरातल्या धुण्याच्या टोपलीत लपवून ठेवलेली चॉकलेटची बिस्किटं ती खात होती, आणि हे दवाखान्यात सांगायची तिची छाती होत नव्हती. मग तिनं आपल्यासारख्याच सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर ते सांगून टाकलं. मैत्रिणींनीही आपापल्या लपवाछपवीच्या गोष्टी सांगितल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटायचं ठरलं. १९६२ सरेपर्यंत तिचं वजन साडेचौसष्ट किलोंवर आलं होतं आणि १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली.

यातला आहार तिचा नव्हताच, तो सरकारी दवाखान्याचा होता. तिनं त्यात भर घातली ती एका खोलीची. त्या खोलीत बिस्किटांची गोष्ट सांगणाऱ्या बाईकडे कुणी तुच्छतेनं पाहत नव्हतं, कारण समोरच्या बाईच्याही घरात तसाच एखादा डबा होता. गटाचा सगळा गुण या एका गोष्टीत आहे असं मी मानते. पुढे कोट्यवधी डॉलरचा जो पसारा वाढला तो या खोलीच्या पायावर, आणि पसारा वाढता वाढता खोली मात्र आक्रसत गेली.

एकत्र येण्याचा उपयोग होतो, याला पुरावा आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांनी काही लोकांना एकेकटं, तर काहींना तीन मित्रमैत्रिणी किंवा नातेवाइकांसह वजन उतरवण्याच्या उपक्रमात घेतलं. एकट्यानं आलेल्यांपैकी ७६ टक्के शेवटपर्यंत टिकले. ओळखीच्यांबरोबर आलेल्या आणि एकमेकांना धरून ठेवायला शिकवलेल्यांपैकी ९५ टक्के टिकले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा आकडा: उतरलेलं वजन पुढच्या सहा महिन्यांत जसंच्या तसं राखणारे पहिल्या गटात २४ टक्के होते, दुसऱ्यात ६६. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इंग्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातल्या ७७२ जणांपैकी निम्म्यांना त्यांच्या डॉक्टरांनी अशा गटात पाठवलं आणि उरलेल्यांना दवाखान्यातच सल्ला दिला. वर्षाअखेरी गटातल्यांचं सरासरी पाच किलो उतरलं, दवाखान्यातल्यांचं सव्वादोन. म्हणजे दुपटीहून जास्त.

हे सगळं खरं, पण पाच किलो. जाहिरातीतल्या आधीच्या-नंतरच्या फोटोंशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. आणि वर्षभराच्या त्या अभ्यासात गटातलेही ३९ टक्के लोक मध्येच गळाले. ते कोण होते, का गेले, याचा विचार गट चालवणारे फार कमी करतात. माझा अंदाज असा, की त्यातले बरेचसे काटा न हललेले असणार. फुललेल्या चेहऱ्यानं घरी जाणारी बाई पुढच्या शनिवारी येतेच. जिचा काटा वर गेलाय ती ‘पाहुणे आलेत’ म्हणून निरोप धाडते आणि नंतर निरोपही बंद होतात.

आपल्याकडे गटाची गरज कुठून येते, ते स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय समजत नाही. चार माणसांच्या घरात स्वयंपाक करणारी बाई स्वतःसाठी निराळं काही करत नाही. केलंच तर ‘तुझं काय वेगळंच’ हे ऐकून घ्यावं लागतं. पातेल्यात उरलेला वाटीभर भात आणि पोरानं ताटात टाकलेली अर्धी पोळी तिच्याच पोटात जाते, कारण अन्न वाया घालवायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. उपास धरला तर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट आणि तूप. हळदीकुंकवाला गेलं तर ‘एका लाडवानं काय होतंय, घे गं.’ सासू, नणंद, शेजारीण, सगळ्या प्रेमानंच आग्रह करतात, आणि प्रेमाला नाही म्हणणं हे आपल्याकडे रागाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड आहे. अशा बाईला आठवड्यातून एक तास अशी जागा मिळावी, जिथं ‘मी तिसरी पोळी घेतली नाही’ याची कुणाला तरी किंमत आहे, ही काही छोटी गोष्ट नव्हे. तिच्या घरात त्या न घेतलेल्या पोळीची दखल घेणारं दुसरं कुणी नसतं.

आता त्या तासात काय घडतं ते बघू. एका सोसायटीच्या हॉलमधला शनिवार सकाळचा असा गट मी जवळून पाहिला आहे. दाराशी चपलांची रांग, कोपऱ्यात सतरंजी, टेबलाजवळ काचेचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि शेजारी वही. बायका काट्यावर चढण्याआधी हातातलं घड्याळ, पाटल्या, केसातला मोठा चाप काढून ठेवत होत्या. एकीनं ओढणीसुद्धा मैत्रिणीकडे दिली. सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं असं बऱ्याच जणी सांगत होत्या, एकीनं आदल्या रात्री जेवणच टाळलं होतं. गट चालवणारी ताई आकडा मोठ्यानं वाचायची. कमी झाला की टाळ्या. जास्त झाला की ताई म्हणायची, ‘काय खाल्लंत ते आठवा बरं.’ जिला हे विचारलं ती हसली, म्हणाली, ‘भाचीचं लग्न होतं ना.’ मग मागे जाऊन बसली आणि उरलेला पाऊण तास एक शब्द बोलली नाही.

ताईचा हेतू वाईट नव्हता. पण ती ज्यासाठी टाळ्या वाजवत होती ते बहुतेक पाणी होतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं तोडलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्याबरोबर पाणी जातं. पहिल्या आठवड्यात दोन किलो ‘उतरतात’ ते असे. लोणचं-पापड जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तरी काटा किलो-दीड किलोनं सहज मागेपुढे होतो. चरबीचा आठवड्याचा हिशेब नेमानं खाणाऱ्या बाईचाही साधारण अर्ध्या किलोचा. म्हणजे जे मोजायचं ते अर्धा किलो आणि मोजण्यातली गडबड एक किलो. या मापावर कुणाला टाळ्या द्यायच्या आणि कुणाला लग्नातलं जेवण आठवायला लावायचं, हे अन्यायाचं आहे. त्या मागे जाऊन बसलेल्या बाईनं कदाचित आठवडाभर नेमानं खाल्लं असेल आणि लग्नात नुसतं मीठ जास्त झालं असेल.

पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. उतरलेलं वजन परत येणं हा बहुतेकांच्या बाबतीत अपवाद नसून नियम आहे, आणि त्याचं कारण मनाच्या कच्चेपणापेक्षा शरीराच्या पक्केपणात आहे. वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं. भूक भागल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं, की वजन उतरवल्यानंतर वर्ष उलटलं तरी हे बदल पूर्ववत होत नाहीत. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूजर’ नावाचा टीव्हीवरचा स्पर्धेचा कार्यक्रम होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या त्या माणसांचे ४१ किलो परत आले होते. आणि त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना त्यांच्या वजनाच्या मानानं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. साऱ्या देशासमोर घाम गाळून ज्यांनी जिद्द दाखवली त्यांची ही कथा. अशा शरीराच्या माणसाला ‘तुमचा निर्धार कमी पडला’ म्हणणं अज्ञानाचं आहे, आणि ऐकणाऱ्याला ते आयुष्यभर पुरतं.

म्हणून गटाची खरी गरज तीन महिन्यांनंतर सुरू होते, जेव्हा टाळ्या संपतात आणि भूक परत येते. आणि बहुतेक गट बांधलेले असतात पहिल्या तीन महिन्यांसाठी. ‘नव्वद दिवसांत बदल’, ‘एकवीस दिवसांचं आव्हान’. चौथ्या महिन्यात त्या बाईचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. असतं ते एवढंच, की पुन्हा पैसे भरा आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा.

इथे पैशाचा प्रश्न येतो. वेट वॉचर्समध्ये एक नियम होता, जो वरवर मोठ्या मनाचा वाटतो: ठरवलेल्या वजनाला पोचून ते राखणाऱ्या आजीव सभासदाला बैठका फुकट. अट अशी, की त्या वजनाच्या वर दोन पौंडांच्या आत राहिलं पाहिजे. त्यापलीकडे गेलं की फी सुरू. म्हणजे वजन परत चढू लागलं, माणूस खचला, गटाची सर्वांत जास्त गरज निर्माण झाली, की नेमकं तेव्हाच दार पैशानं उघडायचं. नियम करणाऱ्याच्या मनात कदाचित बक्षीस देणं असेल. ज्याच्यावर लागू होतो त्याला मात्र तो दंड वाटणार. १९७८ साली हाइन्झ या अन्न बनवणाऱ्या कंपनीनं ही संस्था विकत घेतली आणि मग तिच्या नावाचे तयार जेवणाचे डबेही दुकानात भराभर वाढले. २०१८ मध्ये नावातलं ‘वजन’ गाळून नुसतं ‘डब्ल्यूडब्ल्यू’ केलं. २०२२ मध्ये मुलांसाठी काढलेल्या तिच्या ॲपनं १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकी सरकारशी १५ लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. वजन उतरवणारी इंजेक्शनं आल्यावर धंदा ढासळला आणि मे २०२५ मध्ये कर्जाच्या डोंगराखाली कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात जावं लागलं. सहा मैत्रिणींच्या खोलीचा हा प्रवास मला खरोखर दुःखाचा वाटतो, कारण त्या खोलीतली कल्पना चांगली होती.

आपल्या तालुक्यातालुक्यांत सकाळी शेक प्यायला बोलावणारी जी केंद्रं निघाली आहेत, तिथं पैशाचा हाच दोष आणखी उघड दिसतो. रोजचा ठरलेला पेला, रोजचं वजन, भिंतीवर फोटो, आणि महिन्या-दोन महिन्यांत सूचना: तुम्हीच का नाही कोच होत? चार माणसं आणा, तुमचा शेक स्वस्त पडेल. इथं शेजारची बाई तुमची सोबतीण राहत नाही, ती एकतर तुमची विकणारी असते नाहीतर तुमची गिऱ्हाईक. तिच्यापाशी धुण्याच्या टोपलीतल्या बिस्किटांची गोष्ट तुम्ही सांगणार नाही. सांगितलीत तरी तिचं उत्तर एका पावडरीच्या डब्यापाशी येऊन थांबेल. अशा जागी जाऊ नका, असं मी कुणालाही स्पष्ट सांगेन.

आणि काटा मुळात आपल्यासाठी कितपत खरा आहे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात गाजलेला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो आला. शेजारी शेजारी दोन शास्त्रज्ञ उभे आहेत, याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबानं दोघं सारखेच सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हातपाय बारीक, पोटात चरबी, आणि त्यामुळे मधुमेह लवकर, हा आपला साचा आहे. ज्या कुटुंब पाहणीत २४ टक्के बायका वजनानं जादा निघाल्या, तिच्यातच कंबर आणि नितंबांच्या मापावरून धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या बायका सुमारे ५७ टक्के होत्या. म्हणजे काट्यावर हसतमुखानं उभी राहणारी, ‘मला काय गरज’ म्हणून गटात न येणारी बारकी बाईही यात आहे. आणि गटातली एखादी जाड बाई रोज चार किलोमीटर चालून साखर आटोक्यात आणते, पोटाचा घेर दोन इंच कमी करते, तिचा काटा जागचा हलत नाही म्हणून तिला टाळ्या मिळत नाहीत. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर कंबर, ही आपल्यासाठीची रेषा. ती मोजायला शिंप्याची टेप पुरते.

महाराष्ट्रात काट्यापलीकडे पाहणाऱ्या गटांचं एक उदाहरण आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानावरून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवणाची आणि ४५ मिनिटं चालण्याची जी पद्धत सांगितली, तिच्या व्हॉट्सॲप गटांत शिरण्याआधी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला सांगतात. पैसे घेत नाहीत. तिथला एकच नियम सगळ्यांना लावण्याबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यानं डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नयेत, हे मी जोर देऊन सांगेन. पण फुकट असणं आणि रक्ताच्या अहवालाकडे पाहणं, या दोन गोष्टी तिथून घेण्यासारख्या आहेत. फोनवरच्या शेकडो माणसांच्या गटात त्या सहा मैत्रिणींची खोली मात्र उभी राहत नाही. ती दहा-बारा माणसांतच राहते. पुण्यात पहाटे तळजाईला किंवा पर्वतीला वर्षानुवर्षं एकत्र चढणारी टोळकी पाहिली की हे पटतं. एक जण दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जातं, आणि त्याचं वजन किती हे कुणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवा रुग्णांना अशा गटांत पाठवते आणि बारा आठवड्यांची फी स्वतः भरते. आपल्याकडे त्यासाठी नवी संस्था काढायचीही गरज नाही. आशाताई घरोघरी तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरते, त्यात कंबरेच्या मापाचा रकाना आधीपासून आहे. टेप तिच्या पिशवीत आहे. साखर आणि रक्तदाब तपासायची सोय आरोग्य उपकेंद्रात आहे. गावोगाव बचत गट ठरल्या दिवशी बसतात, दहा-बारा बायका, एकमेकींची घरं आतून माहीत असलेल्या, एखादीचा हप्ता चुकला तर सांभाळून घेण्याची सवय असलेल्या. त्या बैठकीत महिन्यातून एकदा टेप काढावी, साखर तपासावी, आकडा जिचा तिच्या वहीत लिहावा, मोठ्यानं वाचू नये. आणि ज्या बाईचं माप वाढलंय तिच्याकडे त्या दिवशी सर्वांत आधी वळावं, तिच्या घरात काय चाललंय ते विचारावं. आरोग्य खात्यानं एका तालुक्यात दोन वर्षं हे करून पाहावं, आणि हिशेब ठेवताना किलो किती उतरले याच्या आधी, वाढलेल्या मापाच्या किती बायका पुढच्या बैठकीला परत आल्या, ते मोजावं.